शरीर कोणाचें, निवड कोणाची?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या आठ वर्षांच्या मुलीस रक्ताचा कर्करोग झाल्याचें निदान झालें. तिला मुंबईंतील एका रुग्णालयांत ठेवण्यांत आलें. पहिल्या चार दिवसांचा धक्का ओसरतो न ओसरतो तोंच डॉक्टरांनीं आईबापांस समोर बसवून सांगितलें कीं, उपचार दोन-अडीच वर्षें चालावयाचा असल्यामुळें औषधें देण्यासाठीं मुलीच्या शरीरांत एक नळी दीर्घकाळ घालून ठेवावी लागेल. ती तीन प्रकारची मिळते. प्रत्येकीचे गुणदोष असे असे आहेत. विचार करून दोन दिवसांनीं कळवा.

आमचे स्नेही गणिताचे पदवीधर व स्वभावानें पद्धतशीर. त्यांनीं आम्हांस बोलावून घेतलें. वैद्यकाचें ज्ञान आम्हांस नाहीं. परंतु नीतिशास्त्र शिकवितां शिकवितां आमचीं तीस वर्षें गेलीं, तेव्हां निवड कशी करावी हें तरी आम्हांस कळत असावें असा त्यांचा समज होता, आणि खरें सांगावयाचें तर आमचाही. मुलीच्या खोलीबाहेरील बांकावर बसून आम्ही दोघांनीं वहीच्या एका पानावर तीन रकाने आंखले. दार उघडें होतें. पांच पावलांवर खाटेवर बसून मुलगी चित्र रंगवीत होती.

त्या पानानें आमच्या मनांत जो प्रश्न उत्पन्न केला तो वाचकांपुढें मांडण्याचा येथें हेतु आहे. त्यासाठीं ही नळी मुळांत लागते कां, हें आधीं सांगितलें पाहिजे.

आपल्या परसांत बारमाही फुलणारी सदाफुली सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यापासून व्हिन्क्रिस्टीन नांवाचें औषध काढतात, आणि रक्ताच्या कर्करोगावर तें साठ वर्षांहून अधिक काळ वापरांत आहे. हें औषध शिरेंतून रक्तांत मिसळलें तर तारक. पण हातावरील एखादी बारीक शीर फुटून तें भोंवतालच्या मांसांत झिरपलें तर तेथील त्वचा व मांस जाळून टाकतें. या रोगावरील आणखीही कांहीं औषधें अशींच दाहक आहेत. शिवाय दर वेळीं नवी शीर शोधून टोंचावयाचें म्हटलें तर मुलांच्या कोवळ्या शिरा कांहीं दिवसांतच निकामी होतात. म्हणून हृदयाच्या तोंडाशीं असलेल्या मोठ्या शिरेपर्यंत एक मऊ नळी नेऊन ठेवितात. तेथें रक्ताचा ओघ इतका मोठा असतो कीं औषध तत्काळ पातळ होऊन निघून जातें.

निवडीचा हा प्रश्न मनुष्यास पडूं लागला हेंच एका परीनें भाग्य होय. १९४८ सालीं बॉस्टन येथील सिडनी फार्बर यांनीं या रोगानें आजारी असलेल्या सोळा मुलांस अमिनॉप्टेरिन हें औषध दिलें आणि त्यांपैकीं दहांस उतार पडला. तें औषध ज्या लेडर्ली प्रयोगशाळेंतून आलें तेथील संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रांतील येल्लाप्रगड सुब्बाराव हे होते. त्याच वर्षीं ते निवर्तले. तो उतार तात्पुरताच ठरला. रोग पुनः उलटला. आज मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारांत, संपन्न देशांतील दहा मुलांपैकीं सुमारें नऊ मुलें पांच वर्षांनंतरही हयात असतात. त्या काळीं मूल वांचेल काय, एवढा एकच प्रश्न होता. आतां वांचतांना तें मूल कसें जगेल, हा दुसराही प्रश्न विचारण्याची सवड मिळाली आहे. नळीची निवड हा या दुसऱ्या प्रश्नाचाच एक भाग आहे.

आतां त्या तीन नळ्या. पहिली छातीवर बाहेर लोंबणारी. तिचें एक टोंक मानेजवळील शिरेंतून हृदयाशीं पोंचविलेलें असतें, आणि दुसरें त्वचेखालून थोडें अंतर नेऊन छातीवर बाहेर काढलेलें असतें. अमेरिकेंतील सिअॅटल शहरीं ब्रोव्हियाक व त्यांचे सहकारी यांनीं १९७३ सालीं, व पुढें हिकमन यांनीं १९७९ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें, म्हणून ती त्यांच्याच नांवांनीं ओळखली जाते. औषध देतांना किंवा रक्त काढतांना मुलास टोंचावें लागत नाहीं, हा तिचा मोठा गुण. परंतु तोंड बाहेर असल्यामुळें जंतूंस वाट मिळते. खेळतांना ती ओढली जाण्याचें भय असतें. ती वरचेवर धुवावी लागते. अंघोळ जपून करावी लागते आणि पोहणें बहुधा बंदच होतें.

दुसरी नळी पूर्णपणें आंत राहणारी. तिला रुग्णालयांत सर्वजण 'पोर्ट' म्हणतात. १९८० नंतरच्या दशकांत ती प्रचारांत आली. नाण्याएवढी एक डबी छातीच्या त्वचेखालीं बसवितात व तिची नळी शिरेंत सोडतात. वरून केवळ एक उंचवटा दिसतो. सुई लावलेली नसेल तेव्हां मूल खुशाल पाण्यांत डुंबूं शकतें. वापर नसेल तर सुमारें महिन्यांतून एकदां ती धुतली म्हणजे पुरतें. जंतूंचा उपद्रवही हिच्यांत कमी. पण ती बसविण्यासाठीं भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागते, काढतांना पुनः करावी लागते, आणि प्रत्येक वेळीं औषधासाठीं त्वचेंतून सुई टोंचावीच लागते. तासभर आधीं मलम लावून त्वचा बधिर करितां येते. सुईचें भय मात्र मलमानें बधिर होत नाहीं.

तिसरी नळी दंडांतील शिरेंतून आंत सरकविलेली, जिला 'पिक' असें म्हणतात. हिला मोठी शस्त्रक्रिया नको, आणि खर्चही पोर्टहून कमी. परंतु तिचें तोंड दंडावर बाहेर राहतें, पट्टी दर आठवड्यास बदलावी लागते, आणि शिरेंत रक्त गोठण्याचा धोका हिच्यांत अधिक, असें मुलांवरील निरीक्षणांत आढळलें आहे. या रोगावरील अ‍ॅस्परॅजिनेज नांवाचें औषध स्वतःच रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढवितें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या धोक्याचें वजन कळेल.

हें सर्व आम्हीं रकान्यांत लिहिलें. स्नेह्यांनीं इंग्लंड-स्कॉटलंडांतील एका मोठ्या चाचणीचा अहवालही मिळविला होता. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणींत एक हजारांहून अधिक कर्करोगी होते. पोर्ट व हिकमन यांची तुलना झाली तेथें पोर्टवाल्यांपैकीं शेंकडा २९, तर हिकमनवाल्यांपैकीं शेंकडा ४३ रुग्णांस नळीचा कांहींना कांहीं उपद्रव झाला होता. मात्र ते सर्व रुग्ण प्रौढ होते. थोरांच्या अंगरख्याचें माप घेऊन लेंकराचें झबलें शिवावयाचें, असा तो प्रकार. तरी कपडा कोणत्या बाजूनें बेतावा एवढें त्यावरून कळलें. शेवटीं पोर्ट ठरली. डॉक्टरांनींही तीच पसंत केली. रक्तांतील पेशी थोड्या सुधारतांच शस्त्रक्रिया झाली व निर्विघ्न पार पडली.

तिसऱ्या दिवशीं आम्ही मुलीस भेटावयास गेलों. तिच्या बाबांनीं तिच्यासाठीं दोन रात्री जागून किती विचार केला, हें आम्हीं तिला मोठ्या कौतुकानें सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली व मग म्हणाली, "काका, मला बाहेरचं सगळं ऐकूं येत होतं. मला विचारलं असतं तर मी पण हीच सांगितली असती. पण मला कुणी विचारलंच नाही."

या वाक्याचें उत्तर आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं. घरीं आल्यावर तें वहीचें पान आम्हीं पुनः काढून पाहिलें. पोर्टच्या रकान्यांत, दोषांच्या खालीं, आमच्याच हातचें अक्षर होतें: 'दर वेळीं टोंचणें. किरकोळ.' किरकोळ कोणास?

कोणी म्हणेल, यांत एवढें मनास लावून घेण्यासारखें काय आहे? निवड योग्य झाली. मुलीच्याही मनांत तेंच होतें. मग कोणाचें काय बिघडलें? वरवर पाहतां हा आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु तिची तक्रार निवड चुकली अशी नव्हतीच. निर्णय बरोबर असूनही ज्याच्याविषयीं तो घेतला त्याच्यावर अन्याय होऊं शकतो, हें आम्ही वर्गांत दरवर्षीं सांगत आलों. आठ वर्षांच्या मुलीनें तें एका वाक्यांत आमच्या पदरांत टाकिलें. फळ गोड निघालें म्हणून मालकास न विचारतां तोडण्याचा दोष जात नाहीं.

पण मूल हें आपल्या शरीराचें 'मालक' आहे काय, हाच तर वाद आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा मोठा पुरस्कर्ता जो मिल्ल, त्यानेंही १८५९ सालच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत हा सिद्धांत अल्पवयी मुलांस लागू नाहीं असें आरंभींच सांगून टाकिलें आहे. आपल्याकडील विचार निराळ्या शब्दांत तेथेंच येतो. श्रेय आणि प्रेय हे दोन मार्ग आहेत. मुलास प्रेय तेवढें दिसतें, वडिलांस श्रेय दिसतें. म्हणून मुलाच्या वतीनें वडिलांनीं निवडावें. कडू औषध पितोस का, असें लहान मुलास विचारून कोणी देतो काय?

हा युक्तिवाद जेथें लागू पडतो तेथें तो आम्हांस पूर्ण मान्य आहे. उपचार घ्यावा कीं न घ्यावा, हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलीवर सोंपविणें हें स्वातंत्र्य नव्हे, टाकून देणें होय. परंतु येथें तो प्रश्न नव्हता. श्रेय आधींच ठरून गेलें होतें: औषध घ्यावयाचें, आणि तें नळींतूनच घ्यावयाचें. उरला होता तो बहुतांशीं दुःखांचा प्रश्न. क्षणभराची पण वारंवार येणारी सुई पत्करावी, कीं न दुखणारी पण सदा अंगावर लोंबणारी नळी पत्करावी? पाण्याचा आनंद मोठा, कीं टोंचण्यापासून सुटका मोठी? पहिल्या प्रश्नांत वडिलांचें ज्ञान मुलापेक्षां अधिक असतें. या दुसऱ्या प्रश्नांत तें अधिक असतें असें कोण म्हणेल?

अशा निवडींत तीन प्रकारचें ज्ञान लागतें. कोणत्या नळीनें शंभरांत किती जणांस जंतुबाधा होते, हें डॉक्टर जाणतात. घर रुग्णालयापासून किती दूर आहे, नळी कोण धुणार, पैसा किती आहे, हें आईबाप जाणतात. आणि तें सर्व अंगावर वागवितांना कसें वाटतें, हें मूल जाणतें. जंतुबाधेचा आंकडा आणि सुईची धास्ती हीं एका तागडींत घालतां येत नाहींत. शेर आणि हात यांची बेरीज होत नाहीं तशी यांचीही होत नाहीं. आम्हीं पहिल्या दोन ज्ञानांचे रकाने भरले आणि तिसऱ्याच्या जागीं स्वतःच्या मनानें 'किरकोळ' हा शब्द घातला. ज्याला साक्षीस बोलवावयाचें त्याच्या नांवानें आम्हींच जबानी लिहिली.

या नळीच्या इतिहासांतच एक गोष्ट आहे, ती येथें आठवते. १९२९ सालीं बर्लिनजवळील एबर्सवाल्डे गांवच्या रुग्णालयांत व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरास हृदयापर्यंत नळी नेतां येते हें सिद्ध करावयाचें होतें. वरिष्ठांनीं परवानगी नाकारली. तेथील एक परिचारिका स्वतःवर प्रयोग करून घेण्यास कबूल झाली. फोर्समाननें तिला मेजावर बांधलें, पण तिच्या नकळत नळी स्वतःच्याच दंडांतील शिरेंत घातली, आणि क्ष-किरणांच्या खोलींत चालत जाऊन ती हृदयांत पोंचल्याचें चित्र काढून घेतलें. १९५६ सालीं त्याला नोबेल पारितोषिकांत वाटा मिळाला. त्यानें शिस्त मोडली, परिचारिकेस फसविलेंही. परंतु धोका ज्याच्या शरीरास त्याचाच निर्णय, एवढें तरी त्या साहसांत होतें. मुलांच्या बाबतींत नेमकें उलट असतें. शरीर एकाचें आणि निर्णय दुसऱ्याचा. हें अपरिहार्य आहे; पण अपरिहार्य आहे म्हणूनच निर्णय घेणाऱ्यानें अधिक जपून वागलें पाहिजे.

मुलांस विचारण्याविरुद्ध आणखी दोन आक्षेप आहेत आणि ते हलके नाहींत. पहिला असा कीं, मूल भयानें निवडील. ज्याच्या दोन्ही हातांवर सुयांचे काळेनिळे डाग आहेत, तें सुई नसलेलीच नळी मागेल, मग तिच्यांत धोका कितीही असो. तसें झाल्यास वडिलांनीं तें मागणें नाकारावें. तो त्यांचा अधिकार आहे. मत विचारणें म्हणजे मताप्रमाणें वागण्याचें वचन देणें नव्हे. पण नाकारतांना कारण सांगावें लागतें, आणि भय कोठें आहे हें कळल्यामुळें त्याची तजवीज करितां येते. आमच्या स्नेह्यांच्या मुलीनें पुढें आपलीं कारणें सांगितलीं. सुईचें तिला अतिशय भय होतें. आजवर किती सुया टोंचल्या याची गणती तिच्याजवळ होती. तरी तिनें मनाशीं पोर्टच ठरविली होती. कारण बाहेरची नळी तिच्या धाकट्या भावानें ओढली असती, आणि आजीच्या गांवीं पावसांत भिजावयास मिळालें नसतें. आम्हीं दोन रात्रींत जें तोललें तेंच तिनें तोललें होतें. फरक इतकाच कीं तिच्याजवळचीं वजनें खरीं होतीं. कठोपनिषदांतील नचिकेत हा कुमारच होता, आणि बापाच्या दानांतील खोट पाहून 'मला कोणास देतां' असें त्यानेंच विचारिलें, ही गोष्ट आपण विसरतों. श्रेय ओळखण्याचा मक्ता वयाकडेच असतो असें त्या कथेवरून तरी दिसत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलानें निवडलेल्या नळीनेंच पुढें अपाय झाला तर? 'माझ्यामुळें झालें' हें ओझें त्या कोवळ्या मनानें कां वाहावें? याचें उत्तर आम्ही असें देतों: मत मुलाचें घ्यावें, जबाबदारी आपल्याकडे ठेवावी. "तुला काय वाटतं तें सांग, ठरवूं आम्ही, आणि कांहीं चुकलंच तर ती चूक आमची," असें मुलास स्पष्ट शब्दांत सांगणें ही वडीलपणाची खरी कसोटी होय. आपण बहुधा याच्या उलट करितों. ठरवून टाकितों, मग मुलाकडून केवळ मान हलवून घेतों आणि तिला संमति म्हणतों. असें लटकें विचारणें हें न विचारण्यापेक्षां वाईट. तसेंच 'मुंगी चावल्यासारखं वाटेल' हें आपलें नेहमींचें आश्वासन. पहिल्या सुईसरशी तें खोटें ठरतें, आणि पुढील दोन वर्षें मूल आपल्या कोणत्याही शब्दावर विश्वास ठेवीत नाहीं.

हें आमचें एकट्याचें म्हणणें नव्हे. १९८९ सालच्या राष्ट्रसंघाच्या बालहक्कविषयक करारांत, मुलासंबंधींच्या गोष्टींत त्याचें मत वयाच्या व समजुतीच्या मानानें विचारांत घ्यावें असें कलम आहे, आणि १९९२ सालीं भारतानें तो करार स्वीकारला. वैद्यकीय संशोधनांत मुलांस सामील करून घ्यावयाचें तर पालकांच्या संमतीबरोबर समजत्या वयाच्या मुलाचा होकारही घ्यावा, असा आपल्याकडे दंडक आहे. जें परक्या संशोधकानें करावें अशी आपण अपेक्षा ठेवितों, तें प्रत्यक्ष बापानें करूं नये काय?

येथवर लिहिल्यावर एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. आमच्या स्नेह्यांस तीन रकाने आंखतां आले, कारण तिन्ही नळ्यांचा खर्च त्यांस झेपणारा होता. त्याच रुग्णालयाच्या आवारांत, दूरच्या खेड्यांतून आलेलीं व धर्मशाळेंत उतरलेलीं कुटुंबें आम्हीं पाहिलीं. त्यांच्या वहींत एकच रकाना असतो. परवडेल ती नळी. अशांपुढें निवडीचें तत्त्वज्ञान सांगणें ही क्रूर थट्टा वाटेल. जें मूल पोर्ट मागूं शकत नाहीं त्याच्या वतीनें ती मागणें हें समाजाचें कर्तव्य आहे, आणि तें अजून पुरें झालेलें नाहीं. तरीही, नळी एकच असली म्हणून विचारण्यासारखें कांहींच उरत नाहीं असें नाहीं. ती कोणत्या दंडांत घालावी, चित्रें काढणाऱ्या हाताच्या कीं दुसऱ्या, एवढें डॉक्टरांच्या अनुमतीनें कोणत्याही मुलास विचारतां येतें. पट्टी बदलतांना आई जवळ हवी कीं आजी, हेंही विचारतां येतें. ज्याला कांहींच निवडतां येत नाहीं त्याला एवढें निवडूं देण्यास पैसा पडत नाहीं. थोडें थांबावें मात्र लागतें.

असो. मुलीचा उपचार चालू आहे, आणि शेवट काय होईल हें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. मध्यंतरीं आम्ही पुनः गेलों तेव्हां परिचारिका सुई घेऊन आली होती. मुलीच्या बाबांनीं तिला विचारलें, "मोजून टोंचायचं, कीं न मोजतां?" ती म्हणाली, "मोजून. पण मी मोजणार." तिनें डोळे मिटले, सावकाश मोजूं लागली, आणि पांच म्हणावयास तिनें बराच वेळ लावला. परिचारिका सुई हातांत धरून तेवढा वेळ थांबली. आमच्या स्नेह्यांनींही घाई केली नाहीं.

तें वहीचें पान आम्हीं जपून ठेविलें आहे. त्यावरील 'किरकोळ' हा शब्द आम्हीं खोडला आहे. त्या जागीं दुसरा कोणता शब्द घालावा हें आम्हांस ठाऊक नाहीं. तो लिहिण्याचा अधिकार ज्याचा आहे, त्याच्यासाठीं ती जागा मोकळी ठेविली आहे.